तुम्ही विचारलंत म्हणून : कीबोर्डवरची सनई

कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "सनईचा टोन कुठला हो? आमच्या कीबोर्डमधली पिपाणीसारखी वाजते."

सनई तुमच्याकडेही आहे. १९९१च्या जनरल मिडी यादीत, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांसाठी ठरवलेल्या आवाजांच्या सामाईक यादीत, ११२व्या क्रमांकावर ती आली, तेव्हापासून बहुतेक कीबोर्डांत असतेच. पण एकच ध्वनिमुद्रित सूर ताणून वर नेला, की सनईच्या नळीचा स्वतःचा घुमाराही त्याच्याबरोबर वर सरकतो. तिथे पिपाणी होते. म्हणून मी सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या इलेक्ट्रॉनिक लहरीपासून सुरुवात करतो. सनईची नळी खाली रुंदावत जाते, त्यामुळे तिच्यात सम-विषम सगळे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांचे उपसूर) असतात, सॉटूथमध्येही असतात. मग फिल्टरने, म्हणजे आवाजातले ठरावीक उपसूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, मधल्या पट्ट्यात एक-दोन उठाव द्यायचे आणि सूर कितीही चढला तरी ते जागचे हलू द्यायचे नाहीत.

एवढ्यानं टोन होतो, सनई होत नाही. लहानपणी देवळात चौघडा वाजायचा तेव्हा मी सनईवाल्या काकांच्या अगदी गुडघ्याला लागून बसायचो. सनईला दोऱ्यानं जादा पत्त्या (ज्यांतून फुंकतात त्या) बांधलेल्या. त्यातली एक तोंडात भिजवत ठेवायचे. पहिला षड्ज कधी थेट लागला नाही. जरा खालून यायचा, मग ठरायचा. लांब सूर बराच वेळ सरळ, थरथर अगदी शेवटाला. फुंक वाढली की आवाज मोठा व्हायचा, उजळायचा आणि किंचित चढायचाही.

हे तिन्ही एकदम व्हायला हवं. मी एकाच पेडलला व्हॉल्यूम, फिल्टर आणि अगदी कणभर पिच (सुराची उंची) बांधलंय. आवाज मोनो ठेवतो, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजतो. दोन बोटं एकमेकांवर चढली तरच सूर घसरत जातो, बोट सुटलं तर नवा सूर सुरू होतो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं) मात्र डाव्या हाताच्या, सूर वर-खाली करणाऱ्या व्हीलवर, आणि तिला रियाज लागतो. भूपातला गंधार धैवतावरून खाली येताना नीट उतरायला मला कित्येक महिने लागले.

शेजारी दुसरी सनई नुसता षड्ज धरून बसते, तोही मी याच टोनमध्ये भरून ठेवलाय. तानपुऱ्याचं मशीन तिथे परकं वाटतं.

आणि वाजवताना मी श्वास धरतो. फुंकणाऱ्याचा दम जिथे संपेल तिथे माझाही संपतो, मी हात उचलतो, श्वास घेतो, मग पुढची ओळ.