फ्यूज कुठे आहे?

माझ्या गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीपासून हॅम रेडिओपर्यंत, म्हणजे हौशी लोक वापरतात त्या बिनतारी संचापर्यंत, गेलेली लाल वायर आज वायरमनकाकांनी ओढून बाहेर काढली, तेव्हा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकापाशी तिचे आवरण घासून गेले होते आणि आतले तांबे चमकत होते.

"फ्यूज कुठे आहे?" काकांनी विचारले. मी सीटखाली, रेडिओला लागून असलेला फ्यूज दाखवला.

"हा रेडिओला वाचवेल. वायरला कोण वाचवणार?"

१२ व्होल्टला काय घाबरायचे, असे मी आजवर मानत आलो. परंतु तेच उघडे तांबे गाडीच्या बॉडीला टेकले असते, तर बॅटरीने शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडला असता, तो सीटखालच्या फ्यूजपर्यंत न जाता तिथूनच बॉडीत गेला असता आणि काही क्षणांत वायर पेटली असती. काकांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर नवा फ्यूज बसवला, भोकाला रबरी कडे घातले.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात मोबाइलची रेंज गेल्यावर १४५ मेगाहर्ट्‌झवर याच रेडिओने आमच्या दोन गाड्या जोडून ठेवल्या होत्या. त्या रात्रभर ती वायर तिथे घासत होती, आणि मागच्या सीटवर माझी मुलगी झोपली होती.

तुमच्या गाडीतला फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर आहे?