किल्ली कुलपात घातली की

मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या, तेही खाली जुन्या लुगड्याची घडी टाकून. वय 58. दोन वर्षांपूर्वी अंग बाहेर येत होतं म्हणून गर्भपिशवी काढली, त्याच ऑपरेशनात खोकताना लघवी सुटू नये म्हणून जाळीची पट्टीही बसवली. दीड वर्ष बरं गेलं. "आता परत सुरू झालंय ताई. ऑपरेशन वाया गेलं बगा." आणि पदर तोंडाशी धरला.

मी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे मूत्राशयाला खालून आधार देणाऱ्या स्नायूंची, फिजिओथेरपिस्ट. 'परत सुरू झालं' ऐकलं की मी पहिल्यांदा विचारते, सुटते कधी?

"पयलं खोकलं की सुटायची, हंडा उचलला की सुटायची. आता किल्ली कुलपात घातली की दारातच."

म्हणजे हे जुनं दुखणं नव्हतं. पट्टी आपलं काम करत होती. आता मूत्राशयच घाई करत होतं. पण पट्टी फार घट्ट असली तर लघवी पुरती होत नाही आणि त्यातूनही घाई लागते. म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत जेमतेम 30 मिली उरलेली दिसली. जंतुसंसर्ग नव्हता, पट्टी आत कुठे उघडी पडली नव्हती.

मग तीन दिवसांची वही. लिहिता येत नव्हतं, म्हणून नातवाने रेघा मारल्या: दिवसाला पंधरा वेळा लघवी, सहा कप चहा, आणि पाणी दुपारनंतर बंद! हा पाणी तोडायचा सल्ला बायका एकमेकींना इतक्या मायेने देतात, की मला वाईट वाटतं. लघवी घट्ट होते, मूत्राशय आणखी चिडतं.

या आधाराच्या स्नायूंचा व्यायाम त्या रोज करत होत्या, पण उलटा. आत ओढायच्या ऐवजी श्वास कोंडून खाली जोर देत होत्या. हाताखाली पोट टणक झालेलं मला कळत होतं. "चारचौघांत वारा रोखता ना, तसं," म्हटल्यावर पहिल्यांदा हसल्या, आणि स्नायू बरोबर उचलला गेला.

चहा दोन कपांवर आणला, पाणी दिवसभर विभागलं. घाई आली की पळायचं नाही. जागीच थांबून पाचदा आत ओढायचं, कळ ओसरली की चालायचं.

बाराव्या आठवड्यात फोन आला. आठवड्यातून एखाद्या वेळी अजून सुटते म्हणाल्या. "पण आज कुलूप काढलं, आत आले, चपला काढल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, मग गेले."