फ्रेंच क्रियापदांतला बदलता स्वर

फ्रेंच शिकताना 'लव्हे' म्हणजे उचलणे या क्रियापदाने मला बरेच दिवस अडवून ठेवले होते. 'नू लव्हों' (आम्ही उचलतो) यात पहिला स्वर जेमतेम ऐकू येतो, मात्र 'झ लेव्ह' (मी उचलतो) म्हणताना तोच स्वर स्वच्छ 'ए' होतो आणि लेखनात त्याच्या डोक्यावर चिन्हही चढते. हा अपवाद म्हणून पाठ करण्याऐवजी अक्षरे पाडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. फ्रेंचमध्ये आघात (उच्चारताना दिलेला जोर) शब्दसमूहाच्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर पडतो. 'लव्हों'मध्ये तो प्रत्ययावर जातो, पण 'लेव्ह'चा शेवटचा लिखित 'ई' मूक असल्याने तो धातूवरच येतो, आणि तो ओझरता स्वर आघात पेलू शकत नाही. मराठीत आघाताचा प्रश्न नसला, तरी 'समज' आणि 'समजू' मोठ्याने म्हणून पाहावे. दुसऱ्या रूपात मधला 'अ' असाच गळतो.

याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'व्हेनित' (तो येतो) यात आघात धातूवर होता, त्यातून फ्रेंच 'व्ह्यें' आले. 'व्हेनीमुस' (आम्ही येतो) यात तो पुढे सरकला होता, म्हणून 'व्हनों'.

याच प्रकारच्या काही क्रियापदांत हा स्वर दाखवायला चिन्हाऐवजी पुढचे व्यंजन दोनदा लिहीत. 1990 च्या लेखनसुधारणेने त्यांतल्या बहुतेकांत या व्यंजनद्वित्वाऐवजी स्वरचिन्ह सुचवले, मात्र 'आपले' (हाक मारणे) आणि 'झते' (फेकणे) ही दोन कुटुंबे वगळली. इतक्या रुळलेल्या रूपांना हात न लावणे मला योग्यच वाटते.