सहा राउंड मारले तरी त्याला काहीच झालं नाही

मी एका अम्युझमेंट पार्कच्या फर्स्ट एड रूमला नर्स आहे, आठ वर्षं झाली. डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहली, आणि सहली म्हणजे आमच्याकडे उलट्या. खरचटलं, मधमाशी चावली, ऊन लागलं या केसेस एकीकडे आणि ब्रेक डान्सवरून उतरलेली पोरं एकीकडे. जत्रेत बघितला असेल तुम्ही, मोठी तबकडी फिरते, तिच्यावर गाड्यांचे गट वेगळे फिरतात आणि त्यातली प्रत्येक गाडी परत स्वतःभोवती गरागरा फिरते. रोलर कोस्टरला लोक घाबरतात, पण माझी बादली भरते ती या जमिनीलगतच्या पाळण्यामुळे.

त्या दिवशी सकाळी साडेदहालाच ऑपरेटर दादांचा फोन, सिस्टर जरा गेटवर या. सातवीतली एक मुलगी रेलिंग धरून उभी, ओठ पांढरे, कपाळावर थंड घाम. मी तिची हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं तर बुबुळं हळूच एका बाजूला सरकत होती आणि झटकन परत येत होती, सरकली की झटका, सरकली की झटका. अर्ध्या मिनिटात ते थांबलं आणि मग तिने माझ्या चपलेवरच ओकलं. तिच्या बाई म्हणाल्या, हिला घाटात पण गाडी लागते हो, फार नाजूक आहे. मला हे ऐकलं की वाईट वाटतं कारण मुलं ते खरं मानतात. मी तिला विचारलं, फिरताना मान कुठे होती गं? म्हणाली, क्लिप पडली म्हणून खाली वाकून शोधत होते. झालं, तिथेच घोळ झाला.

मी मुलांना बादलीवर दाखवते. पाण्याची बादली झटकन फिरवली की बादली वळते, पाणी जागेवरच राहतं. फिरवत राहिलं की हळूहळू पाणीही फिरतं, आणि बादली थांबवली तरी पाणी फिरतच राहतं. कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला चिकटूनच तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यात असंच पाणी असतं. ते मागे राहिलं की आतला इवलासा पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं आपण वळतोय. पण एका वेगाने पंधरा-वीस सेकंद फिरलं की पाणी नळीला गाठतं, पडदा सरळ होत जातो आणि कान सांगतो की आपण थांबलो, तेव्हा डोळे मात्र ओरडत असतात की फिरतोय. पाळणा थांबला की बरोब्बर उलटं. ब्रेक डान्समध्ये तर वेग आणि दिशा सारखी बदलते, त्यात फिरता फिरता मान खाली घातली की दुसऱ्याच नळीतलं पाणी हलतं आणि आपण कोलांटी खातोय असं वाटतं, डोळ्याला मात्र तसं काहीच दिसत नाही. मेंदूला हा ताळमेळ लागत नाही म्हणून पोटात ढवळतं. पोट बिचारं निर्दोष असतं, वडापाव खाल्ला नव्हता तरी हेच झालं असतं (रिकाम्या पोटी तर मळमळ अजून वाढते बऱ्याच जणांची).

बाराच्या सुमारास दादांचा परत फोन, एक पोरगा सहा राउंड झाले तरी उतरत नाही, तुम्ही बघून घ्या. कर्णबधिर मुलांची शाळा आली होती, त्यातला अकरा-बारा वर्षांचा मुलगा. त्यांच्यातली काही मुलं आपल्यासारखीच डोकं धरून बसली होती, पण हा गाडीतून उडी मारून सरळ रेषेत चालत माझ्याकडे आला. मी डोळ्यांत बघितलं, बुबुळं एकदम स्थिर. एवढ्या वर्षांत सहा राउंडनंतर असे डोळे मी बघितले नव्हते. मी त्याला टाळी दिली आणि निघाले, बाकी काही डोक्यात आलं नाही.

तासाभराने तोच मुलगा माझ्या रूममध्ये, गुडघा फुटलेला. भूत बंगल्यात सपाट जमिनीवर पडला. त्याचे सर म्हणाले, दोन वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला, तेव्हा ऐकू येणं गेलं, आई सांगते की बसायला आणि चालायलासुद्धा परत शिकावं लागलं. ड्रेसिंग करता करता मला त्याचे मघाचे स्थिर डोळे आठवले. तपासणीच्या टेबलावरची फोमची गादी खाली टाकली, सरांनी खुणेने सांगितलं, हिच्यावर उभा राहा. डोळे उघडे असताना मस्त उभा राहिला. डोळे मिटले आणि दोन सेकंदात झाड पडावं तसा आडवा व्हायला लागला, मी आणि सर दोघांनी धरला म्हणून बरं.

मी आमच्या ओळखीच्या ईएनटी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मेंदूज्वराने ऐकण्याच्या भागासोबत या नळ्यासुद्धा गेल्या असणार, तपासून घ्यायला सांगा. मग त्यांनीच सांगितलं की १८८२ साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ५१९ कर्णबधिर लोकांची माहिती जमवली, त्यातल्या १८६ जणांना गोल फिरवल्यावर अजिबात चक्कर येत नव्हती. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी अंतराळ प्रवासाच्या तयारीत अमेरिकेच्या नौदलाने गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजचे ११ कर्णबधिर पुरुष निवडले, त्यातल्या १० जणांचं ऐकणं मेंदूज्वरानेच गेलेलं. कॅनडाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं तर हे आरामात पत्ते खेळत बसले आणि अभ्यास करणारेच इतके आजारी पडले की प्रयोग गुंडाळावा लागला. ऐकून मी थक्क झाले. पण डॉक्टरांचं पुढचं वाक्य ऐकून पोटात गोळा आला, त्याला पाण्यात एकटं सोडू नका, डोळे मिटून बुडी मारली तर वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला कळणार नाही.

जेवणानंतर त्यांचा वेव्ह पूल होता. मी ड्रेसिंगवर वॉटरप्रूफ पट्टी चिकटवली, स्वतः पूलवर गेले, लाइफगार्डला मुलगा दाखवला, पाणी कमरेच्या वर नको आणि हात सोडायचा नाही असं ठरलं. सर पूर्ण वेळ त्याचं मनगट धरून उभे होते.

निघताना सर चिठ्ठीवर तपासणीचं लिहून घ्यायला आले आणि पेन हातात धरून थांबले. म्हणाले, सिस्टर, रात्री लाइट गेली की वसतिगृहात हा भिंतीला धरून चालतो, अजून दोन मुली पण तशाच चालतात, आम्हाला इतकी वर्षं वाटायचं की पोरं अंधाराला घाबरतात. मग त्यांनी त्याच चिठ्ठीवर त्या दोघींची नावं लिहिली आणि खाली लिहिलं, बॅटरी तीन.