तुम्ही विचारलंत म्हणून: पुठ्ठ्याच्या गावांनी काय बदलतं?

वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन मी पुठ्ठा, बाटल्यांची बुचं, काड्या, स्पंजचे तुकडे असल्या सामानातून छोटे रस्ते, छोटी घरं, छोटी मैदानं बनवते, आणि हे कुणाला सांगितलं की बहुतेक वेळा प्रश्न येतो तो हाच, की मोठ्या माणसांची ही भातुकली कशाला, याने खरं काही बदलतं का? तुम्ही पण विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते सगळ्यात आधी बदलतं ते बोलणं. तुम्ही मीटिंग बोलावून विचारा की वीस वर्षांनी आपला भाग कसा असावा, दोघं-तिघं भाषण करतील, बाकीचे गप्प बसतील आणि मग गाडी तक्रारींवर घसरेल. तेच टेबलावर रस्त्यांचा मोठा नकाशा पसरा, शेजारी सामानाचा खोका ठेवा आणि काहीही विचारू नका. कुणीतरी काडीचं बाक करून ठेवतं, शेजारची म्हणते अहो तिथे नको, दुपारी तिथे बसवत नाही ऊन असतं, मग बाक सरकतं, मग कुणीतरी त्याच्या डोक्यावर स्पंजचं झाड लावतं, आणि बघता बघता सावली कुठे हवी यावर चर्चा सुरू झालेली असते, तीही मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणाऱ्या माणसांची.

यात आकाराचा मोठा हात आहे. 1:100 या स्केलला, म्हणजे सगळं खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढं केलं की, माणूस जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा होतो आणि पाच मजली इमारत साधारण वीतभर. जी भिंत प्रत्यक्षात हलवायची म्हणजे वर्षानुवर्षं अर्ज आणि कोर्टकचेऱ्या, ती इथे दोन बोटांनी उचलता येते, आणि एकदा उचलून पाहिली की ती तिथे असलीच पाहिजे असं काही नाही हे डोक्यात शिरतं. हे भाषणाने होत नाही, मी करून बघितलंय.

ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात टोनी गिब्सन यांनी ‘प्लॅनिंग फॉर रिअल’ नावाची पद्धत घडवली, त्यात रहिवासी स्वतःच्या भागाचं मॉडेल करतात, ते तुकड्यातुकड्यांत असतं म्हणजे उचलून लोक जिथे असतील तिथे नेता येतं, आणि मग ज्याला जे हवं त्याचं कार्ड त्याने त्या जागी ठेवायचं. कार्ड कुणी ठेवलं हे सांगायची सक्ती नाही. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट ही वाटते की सगळ्यांची नजर मॉडेलवर असते, एकमेकांच्या तोंडाकडे नसते, त्यामुळे मतभेद झाला तरी तो माणसावर जात नाही, कार्डावर राहतो.

पण मॉडेल कोण बनवतंय हे बघायलाच हवं. 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ उभं केलं होतं, नॉर्मन बेल गेडीस या डिझायनरने केलेलं 1960 सालच्या अमेरिकेचं भलंमोठं मॉडेल, त्यात सुमारे 5 लाख इमारती आणि 50 हजार गाड्या. लोक सरकत्या खुर्च्यांत बसून वरून ते भविष्य बघायचे. मला त्या कारागिरीबद्दल खूप आदर आहे, खरंच, पण खुर्चीतल्या माणसाला त्यातलं एक झाडसुद्धा इकडचं तिकडे करता येत नव्हतं आणि गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या भविष्यात रुंद रस्ते असणारच होते.

त्याच्या अगदी उलट म्हणजे ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या एका फावेलातलं, म्हणजे गरीब वस्तीतलं, ‘मॉरिन्यो’. 1990 च्या दशकाच्या शेवटी काही पोरांनी डोंगरउतारावर पोकळ विटा रंगवून आपल्याच वस्तीची छोटी वस्ती रचायला घेतली, ती शेकडो चौरस मीटर पसरली आणि 2007 ला तिची आवृत्ती इटलीतल्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनापर्यंत गेली. त्यांनी सुरुवात स्वप्नाने केली नव्हती हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या बाहुल्या हातात धरून ते रोजचं आयुष्यच खेळायचे, त्यात पोलीस आणि टोळ्या सगळं आलं. म्हणून मी सुद्धा आधी आजचं गाव करायला लावते, तुंबणाऱ्या गटारासकट, आणि मगच उद्याचं, कारण आज टेबलावर नसेल तर उद्या म्हणजे नुसती चकाचक इमारतींची रांग होते.

काँगोच्या किन्शासामधले कलाकार बोडीस इसेक किंगेलेझ (1948–2015) यांची छोटी शहरं बघा एकदा, कागद, पुठ्ठा, रिकामी पाकिटं यांतून केलेली. ते एकटेच काम करायचे, म्हणजे हे सामुदायिक नाही, पण त्यांच्या 1996 च्या ‘व्हिल फँतोम’ या मॉडेल-शहरात पोलीस नाहीत आणि डॉक्टरही नाहीत, कारण त्यांची गरजच पडू नये अशी त्यांची कल्पना. हे मी लोकांना सांगते आणि विचारते, तुमच्या गावात कशाची गरज उरणार नाही? हा प्रश्न ‘काय हवं’ पेक्षा खूप पुढे नेतो.

एक नियम मी कधी मोडत नाही, गोंद शेवटपर्यंत बाहेर काढायचा नाही. चिकटवलं की लोक जपायला लागतात, सुंदर करायला लागतात, आणि उशिरा आलेल्या माणसाला वाटतं आता आपण काय हात लावायचा. तिला हात लावता आला पाहिजे, विशेषतः तिलाच, कारण उशीर झालेला असतो तो बहुधा घरचं सगळं आवरून येणाऱ्या बाईला.

आणि हो, मॉडेलमध्ये पैसा दिसत नाही, जागा कुणाच्या मालकीची ते दिसत नाही, वास आणि आवाज तर नाहीच नाही. म्हणून शेवटी आम्ही कार्डांचे तीन गठ्ठे करतो, आत्ता, लवकरच, नंतर, हेही गिब्सन यांच्या पद्धतीतलंच, आणि प्रत्येक कार्डावर लिहितो की हे आपलं आपण करू शकतो, मदत घेऊन करू शकतो की दुसऱ्या कुणालातरी करायला लावावं लागेल. ‘आत्ता’ आणि ‘आपलं आपण’ या दोन्हींत जे बसतं त्याची तारीख टेबलावरून उठायच्या आधीच ठरते, बाकीच्या कार्डांसाठी अर्ज कोण लिहिणार त्यांची नावं फळ्यावर लिहितो.