मिठी नदीचं मॉडेल करताना बीओडीचा आकडा आधी तपासा

सांडपाणी मिसळल्यावर नदीतला ऑक्सिजन किती घटतो ते सांगणारं स्ट्रीटर-फेल्प्सचं समीकरण 1925 सालचं, अमेरिकेतल्या ओहायो नदीवरचं. मुंबईच्या मिठीला ते तसंच लावलं की पहिली चूक बीओडीतच होते, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या आकड्यात. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा 27 अंशांवर 3 दिवसांचा बीओडी देतात. समीकरणाला हवा अंतिम बीओडी, म्हणजे सगळी घाण कुजेपर्यंत लागणारा एकूण ऑक्सिजन. 20 अंशांवर विघटनाचा दर दिवसाला 0.23 धरला, तर 27 अंशांवर तो 1.047 च्या सातव्या घाताने वाढून साधारण 0.32 होतो. या दराने 3 दिवसांत अंतिम बीओडीचा साधारण 61 टक्केच भाग मोजला जातो, म्हणजे रिपोर्टातल्या आकड्याला 1.63 ने गुणा. हे राहिलं की नदी कागदावर उगाच स्वच्छ दिसते!

मुंबईच्या 30 अंशांच्या पाण्यात दर 0.36 वर जातो, पण विरघळलेल्या ऑक्सिजनची कमाल मर्यादा 20 अंशांवरच्या 9.1 वरून 7.6 मिलिग्रॅम प्रतिलिटरवर उतरते. खर्च जास्त, शिल्लक कमी.

समीकरणातून ऑक्सिजन उणे आला तर घाबरू नका, पण तो आकडा छापूही नका. तिथे पाणी ऑक्सिजनहीन झालंय, समीकरणाचा अधिकार संपला. तळाच्या गाळाची ऑक्सिजनची मागणी वेगळी घाला.

मिठी समुद्राला मिळते त्या माहीमच्या बाजूला तर भरतीचं पाणी उलटं चढतं. तिथे एकाच दिशेचा स्थिर प्रवाह धरणं चालत नाही. तासातासाची पातळी आणि क्षारता मोजूनच पसरणीचा गुणांक, म्हणजे घाण पाण्यात किती वेगाने पसरते तो आकडा, ठरवा.