तुम्ही विचारलंत म्हणून : आठवीतच उशीर झाला का?

बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठ पडली की आया मला हेच विचारतात. "बाईनू, आमच्या चेडवाक डॉक्टर व्हायचा आसा. आठवीत गेला. आतापासूनच क्लास लावक व्हयो काय?" मुलगी शेजारीच असते, पण बोलत नाही. तिचा प्रश्न वेगळा असतो. दोन-चार दिवसांनी शाळा सुटल्यावर ती एकटी येते आणि खाली बघत विचारते, "बाई, मला उशीर झाला का?"

मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते आणि आमचं हायस्कूल त्याच आवारात आहे. त्यामुळे आई आणि मुलगी, दोघींना उत्तर मलाच द्यावं लागतं. ते आता लिहूनच ठेवते.

मुलीला आधी. नाही गं, उशीर झालेला नाही. नीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशभरची परीक्षा. तिला बसायचं तर प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण लागतात. तू तेरा वर्षांची आहेस, तुला कोणी बसूच देणार नाही. परीक्षा अकरावी-बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीवर असते. 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास. निम्मे प्रश्न बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर एक गुण कापला जातो. दहावीचे टक्के यात कुठेच धरत नाहीत. बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के पुरतात, बाकी सगळा निवाडा नीटच्या गुणांवर. "दहावीत पंच्याण्णव पडले नाहीत तर विसर" असं सांगणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. त्याला हे वाचून दाखव.

आता अवघड भाग, तोही लपवत नाही. 2025 मध्ये 22 लाखांहून जास्त मुलं नीटला बसली होती. एमबीबीएसच्या जागा देशभरात, खाजगी कॉलेजं धरून, सव्वा लाखाच्या आसपास. आपल्या कोकणात ओरोस, रत्नागिरी आणि अलिबाग, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दहा वर्षांपूर्वी यातलं एकही नव्हतं, हे खरंच मोठं आहे. पण "आपल्या ओरोसला" म्हणजे आपल्याच पोरांना असं नसतं. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या 85 टक्क्यांवर नंदुरबारच्या मुलाचा जेवढा हक्क तेवढाच मालवणच्या.

मध्यंतरी आठवीतल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. मागच्या पानांवर कॉलेजांची यादी, प्रत्येकापुढे गेल्या वर्षीचा कटऑफ, खुला, ओबीसी, ईडब्ल्यूएस, तीन रंगांच्या पेनांनी. तालुक्यातल्या कुठल्याही क्लासवाल्याकडे इतकी नीटस यादी नसेल. मी म्हटलं, छान, आता 22 लाख मुलं आणि सव्वा लाख जागा, तर साधारण किती मुलांमागे एक जागा? ते तिने काढलं. मग विचारलं, पाऊण भागिले अर्धा किती? ती थांबली. पेन फिरवलं, तीन छेद आठ लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं. भागाकाराच्या जागी गुणाकार झाला होता आणि तो झालाय हे तिला कळत नव्हतं.

मला तिची काळजी वाटली ती तिथे, कटऑफच्या पानांवर नाही. आमची मुलं बायोलॉजीत सहसा मार खात नाहीत, पाठ करण्यात कोकणातली पोरं कुणाला ऐकत नाहीत. मार बसतो फिजिक्समध्ये, आणि तिथेही न्यूटनचा नियम अडत नाही, अपूर्णांक अडतो. दहाचे घात, गुणोत्तर, समीकरणाची बाजू बदलताना चिन्ह. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. केमिस्ट्रीतही तेच, मोलच्या गणितात 6.02 गुणिले दहाचा तेविसावा घात आला की अकरावीतला हुशार मुलगा गप्प होतो, कारण घातांकांचा धडा आठवीत "परीक्षेला कमी मार्कांना आहे" म्हणून सोडलेला असतो. 2025 चा फिजिक्सचा भाग इतका जड होता की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही 720 पैकी 686 होते.

म्हणून आठवीतल्या मुलीला माझं सांगणं एवढंच, की सहावी-सातवीची गणिताची पुस्तकं बाहेर काढ. अपूर्णांक, शेकडेवारी, घातांक, गुणोत्तर. रोज अर्धा तास, दिवाळीपर्यंत. कटऑफची पानं फाडू नकोस, पण बघूही नकोस. दर वर्षी बदलतात ते आकडे. आणि दिवसाला चौदा तास अभ्यास करणाऱ्या मुलींची रीलं बंद कर. जी खरंच चौदा तास बसते ती मोबाईल स्टँडला लावून बसत नाही.

आता आईचं. फाउंडेशन क्लास नावाचं जे आठवीपासून विकतात, त्यावर माझा विश्वास नाही. शहरातला चांगला मास्तर जवळ असेल, मूल आनंदाने जात असेल तर जाऊ दे. पण संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने रात्री आठला घरी येणाऱ्या तेरा वर्षांच्या पोरीला तिथे अकरावीचं फिजिक्स अर्धवट शिकवतात आणि शाळेचं आठवीचं गणित अर्धवट राहतं. नीटच्या क्लाससाठी लातूरला पाठवायचा विचार असेल तर तो दहावीनंतर करा. तिथे चांगलं शिकवतात यात वाद नाही. पण सोळाव्या वर्षी स्वतः हट्ट धरून गेलेलं मूल टिकतं आणि तेराव्या वर्षी पाठवलेलं फोनवर रडतं. दोन्ही प्रकार माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

एक गोष्ट मात्र आत्ताच कानावर घालते, कारण सावंतवाडी-दोडामार्गकडचे पालक इथे हमखास फसतात. महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांत यायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही अपवाद आहेत, केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी वगैरे. म्हणजे जवळ पडतं म्हणून अकरावी-बारावी गोव्यात केली, किंवा क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिकडचीच बारावी दिली, तर हा 85 टक्क्यांचा हक्क हातचा जातो. गोव्याचा कोटाही मिळत नाही, तिथे रहिवासाची अट असते. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात आपण आजारी माणूस घेऊन जातो म्हणून तिथलं कॉलेज आपलं होत नाही.

पैशाचं थोडक्यात. सरकारी कॉलेजची फी झेपण्यासारखी असते, खाजगीची कित्येक पट. 2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी व्यावसायिक अभ्यासक्रमांना माफ केली आहे, मेडिकल त्यात येतं, मॅनेजमेंट कोटा येत नाही. दाखले वेळेवर काढून ठेवा. क्लासची फी भरणारे बाप नॉन क्रिमीलेयरच्या दाखल्यासाठी ऐन जूनमध्ये तहसीलला धावतात.

मराठी माध्यमाच्या मुलांची वेगळी धास्ती असते. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, प्रश्न इंग्रजीतही सोबत छापलेला असतो. पण अकरावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत आणि पुढे एमबीबीएसही इंग्रजीत. तेव्हा आत्तापासून विज्ञानातला प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत लिहायचा. पेशी आणि सेल, यकृत आणि लिव्हर. एवढं आठवी, नववी, दहावी केलं की अकरावीत पहिले दोन महिने जे रडणं असतं ते टळतं.

आणि बायोलॉजी? त्याला क्लास कशाला, घरी बांगडे येत नाहीत का? आई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसली की शेजारी बसायचं. बांगड्याच्या गालावरचं झाकण बोटाने उचलायचं, आत लाल कल्ले दिसतात, एका बाजूला चार. मोजायचे. त्यांच्या मागे खालच्या अंगाला गडद लाल, शेंगदाण्याएवढं काहीतरी असतं, ते हृदय, दोन कप्प्यांचं. मग बाजारात आख्खी मोरी, म्हणजे छोटा शार्क, दिसली की तिच्या गळ्याशी बघायचं. झाकण नाही, नुसत्या पाच फटी. बांगड्याचा सांगाडा हाडांचा आणि मोरीचा कूर्चेचा, हा भेद अकरावीच्या पुस्तकात आहे आणि त्यावर प्रश्न येतात. शहरातली पोरं तो चित्रावरून पाठ करतात. आपल्याकडे तो कालवणात असतो.

याच वेळी एखादी हळूच सांगते, "बाई, मला रक्त बघितलं की गरगरतं." हिला वाटतं आपलं सगळं इथेच संपलं. संपत नाही. रक्त पाहून नाडी आणि रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं, म्हणून चक्कर येते. आडवं पडून पाय वर घेतले की मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं. मेडिकलला गेलेल्या कितीतरी मुलांना सुरुवातीला असं होतं आणि सवयीने जातं. बांगड्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

राहिला तो प्रश्न, जो आई मुलीला बाहेर पाठवून विचारते, "आणि नाय गावला तर?" त्याच नीटच्या गुणांवर बीडीएस (दातांचं), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि आपल्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरकीलाही प्रवेश मिळतो. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, 1981 पासून, आणि तिथे शिकायला आपल्यापेक्षा घाटावरची पोरं उत्साहाने येतात. मन पक्कं नसेल तर अकरावीत बायोलॉजीबरोबर गणितही ठेवा, म्हणजे इंजिनियरिंगचीही वाट बंद होत नाही. जड जातं, चार विषय ओढायचे म्हणजे. मी ते फक्त अशाच मुलांना सुचवते ज्यांना पाऊण भागिले अर्धा तोंडी येतं.